पिवळ्या त्रिकोणात न मावलेलं विष

यवतमाळ-अकोल्याकडे वाळवीसाठी क्लोरपायरीफॉस 20 टक्के ईसी घेतलं की बाटलीवर पिवळा त्रिकोण असतो. तो सांगतो एवढंच, की औषध तोंडावाटे दिल्यावर निम्मे उंदीर मरायला दर किलो वजनामागे 51 ते 500 मिलिग्रॅम लागतात. ही एलडी-50 ची रीत ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ ट्रेव्हन यांनी 1927 मध्ये बसवली, तीही डिजिटॅलिस, इन्सुलिनसारख्या औषधांची ताकद मोजायला. पोटातल्या बाळाचा प्रश्न तिच्यात कधीच नव्हता.

तो पुढे आला जपानमधल्या मिनामातात. 1950 च्या दशकात तिथे पाऱ्याने बाधलेली बाळं जन्मली. त्यांच्या कित्येक आया वरकरणी धडधाकट होत्या. 1979 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर नीडलमन यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांचा बुद्ध्यंक कमी, आणि आजारी तर कुणीच दिसत नव्हतं.

मेंदूच्या वाढीसाठी वेगळी चाचणी मग अमेरिकेत 1991 मध्ये ठरली, ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेची 426 क्रमांकाची 2007 मध्ये. गाभण उंदीर-मादीला गर्भारपणाच्या सहाव्या दिवसापासून पिल्लं 21 दिवसांची होईपर्यंत औषध द्यायचं. तीन मात्रा आणि एक बिनऔषधाचा गट, प्रत्येकात साधारण 20 वेतं. पुढे पिल्लांची हालचाल, आवाजाला दचकणं, शिकणं, स्मरण तपासायचं. मेंदूचं वजन करून काप घ्यायचे. घोळ होतो तो इथेच. काप जरा तिरका गेला तरी जाडी बदलते. एका वेताची आठ पिल्लं म्हणजे आठ स्वतंत्र नोंदी नव्हेत, आई एकच असते. आठही स्वतंत्र धरून मोजलं तर नसलेला फरकही दिसतो. शिवाय ही चाचणी महागडी, म्हणून सरसकट मागितलीच जात नाही.

क्लोरपायरीफॉसचा असा अभ्यास उत्पादक कंपनीने 1990 च्या दशकात करून घेतला होता. 2018 मध्ये स्वतंत्र संशोधकांनी त्यातले आकडे पुन्हा तपासले, तेव्हा सर्वांत कमी मात्रेलाही पिल्लांच्या लहान मेंदूवर (सेरेबेलमवर) परिणाम दिसला. कंपनीचा निष्कर्ष तसा नव्हता. युरोपात 2020 मध्ये या औषधाची मान्यता गेली.

2023 पासून ओईसीडीने पेशींवरच्या चाचण्यांचा संच सुचवला आहे. त्यात पेशींची वाढ, त्यांचं सरकणं, फांद्या फुटणं मोजता येतं, शिकणं नाही.

2017 च्या फवारणीत यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक जीव गेले, तेव्हापासून इकडे चर्चा कोलिनेस्टरेज या विकराच्या रक्ततपासणीची असते. क्लोरपायरीफॉस ज्या गटातलं, त्या ऑर्गनोफॉस्फेटची विषबाधा ओळखायला ती हवीच. पण धुऱ्यावर ड्रम भरून देणारी, ओल्या पऱ्हाटीत निंदणारी बाई गरोदर असेल, तर तिचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी बाळाबद्दल त्यावरून काही सांगता येत नाही.