पार्श्वभूमी: अल्डोस्टेरॉन आणि बारीक रक्तवाहिन्या

लातूर-बीडकडे बीपीचा पेशंट सांगतो, "डॉक्टर, पायात गोळे येतात, अंगात बळच राहात नाही." उन्हात राबणाऱ्या माणसाची ही तक्रार थकवा म्हणून सोडून दिली जाते. १९५४ मध्ये अमेरिकेत ॲन आर्बरला डॉ. जेरोम कॉन यांच्याकडे आलेल्या ३४ वर्षांच्या बाईंचं गाऱ्हाणं हेच होतं. बीपी वाढलेलं, पोटॅशियम तळाला. सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी लंडनमध्ये शोधलेलं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक तेव्हा जेमतेम वर्षभराचं होतं. या बाईंच्या अंगात तेच जास्त झालंय, हे कॉन यांनी ओळखलं. डिसेंबरात ऑपरेशनमध्ये, किडनीच्या वर असलेल्या आणि हे संप्रेरक बनवणाऱ्या ॲड्रेनल ग्रंथीवरची गाठ निघाली आणि बाई सुधारल्या.

पुढं बरीच वर्षं एवढंच शिकवलं गेलं, की अल्डोस्टेरॉन किडनीत मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं आणि म्हणून बीपी वाढतं. खरं तर १९४० च्या दशकातच हान्स सेल्ये यांनी उंदरांना याच जातीचं संप्रेरक आणि सोबत मीठ दिलं, तेव्हा त्यांच्या किडनीतल्या बारीक धमन्या खराब झाल्या होत्या. मिठाची ही जोड मला फार महत्त्वाची वाटते. ठेचा, लोणचं, पापड रोज ताटात असणाऱ्या आपल्या भागात तर जास्तच.

१९८७ मध्ये अल्डोस्टेरॉन पेशीत ज्याला चिकटून काम करतं, त्या रिसेप्टरचं जनुक हाती लागलं. हा रिसेप्टर किडनीपुरता नाही, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आणि स्नायूतही आहे, हे हळूहळू स्पष्ट झालं. अल्डोस्टेरॉन जास्त झालं की वाहिनी सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड घटतं, दाह वाढतो, भिंतीत कोलॅजनचे चिवट धागे साचतात. इटलीत ब्रेशियाच्या संशोधकांनी अल्डोस्टेरॉन जास्त असलेल्या पेशंटच्या नितंबाच्या कातडीखालचा चरबीचा छोटा तुकडा काढून त्यातल्या धमन्या मोजल्या. त्या अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. भिंत जाड, पोकळी अरुंद. डोळ्याच्या पडद्यावर, किडनीत, मेंदूत अशाच बारीक वाहिन्या असतात, आणि बीपी तेवढंच असूनही अल्डोस्टेरॉन जास्त असलेल्यांना स्ट्रोकचा धोका अधिक दिसतो.

अल्डोस्टेरॉनला अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी जुनी आणि स्वस्त. २०१५ च्या एका ब्रिटिश चाचणीत तीन प्रकारच्या गोळ्यांनीही न उतरणाऱ्या बीपीवर तीच सरस ठरली. पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

निदानासाठी रक्तातलं अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (अल्डोस्टेरॉन वाढवायला लावणारं, किडनीतून येणारं द्रव्य) यांचं गुणोत्तर पाहतात. २०२५ मध्ये एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेनं ही तपासणी बीपीच्या प्रत्येक पेशंटची व्हावी, असं सुचवलं. तोवर निव्वळ पोटॅशियम पाहून थांबू नये. अल्डोस्टेरॉन जास्त होण्याचा हा आजार असलेल्या बहुतेकांचं पोटॅशियम नॉर्मलच येतं.