गिटारची टकटक आणि मिरजेचा तंबोरा

गॅदरिंगसाठी भाचीला एक गाणं घरीच रेकॉर्ड करायचं होतं. सांगलीत विश्रामबागला आमच्या वरच्या खोलीत ती गिटार घेऊन बसली. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग बरं होतं, पण जरा दबलेलं. म्हणून ओळखीच्यांकडून कंडेन्सर माइक आणला, आणि दुसऱ्याच कडव्याला ती म्हणाली, "मामा, सुरांपेक्षा टकटकच जास्त ऐकू येतेय!"

माइक जितका भारी तितका आवाज स्वच्छ, असं बहुतेकांना वाटतं. पण कंडेन्सर माइकचा पडदा जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा असतो. इतका हलका पडदा अचानक आलेल्या बारीक धक्क्यालाही लगेच हलतो. टकटक आधीपासून होतीच, या माइकने ती झाकली नाही इतकंच.

ती नेमकी येते कुठून? डाव्या हाताची बोटं सगळ्या तारांवर हलकी टेकवा, म्हणजे सूर निघणार नाही, आणि उजव्या हाताने नेहमीसारखा स्ट्रोक मारा. आता उरतो तो निव्वळ पिकचा, म्हणजे तार छेडायच्या छोट्या तुकड्याचा आवाज. आम्ही तो कॉम्प्युटरवर ताणून पाहिला, तर खालच्या सुरांच्या चार तारांवर आणि वरच्या सुरांच्या दोन तारांवर आलेख वेगळा दिसला.

ॲकॉस्टिक गिटारच्या वरच्या दोन तारा गुळगुळीत पोलादी असतात आणि बाकी चार तारांवर ब्राँझची बारीक तार गुंडाळलेली असते. हे वेढे म्हणजे एका रांगेत बसलेले खाचखळगेच. लोखंडी कंपाउंडच्या गजांवरून काठी ओढत जाणारं पोर आठवा. धावण्याचा वेग वाढला की 'खडखड'ची पट्टीही चढते. इथेही तसंच होतं. समजा, वेढे ०.४ मिलिमीटर अंतरावर आहेत आणि स्ट्रोक मारताना पिक तारेच्या लांबीच्या दिशेने सेकंदाला १ मीटर वेगाने घसरलं. १००० भागिले ०.४, म्हणजे सेकंदाला २५०० ठेचा! पिक घसरतं मात्र दोन-तीन मिलिमीटरच. तेवढ्यात सहा-सात ठेचा लागतात आणि कानाला पट्टी न कळता नुसतं 'टिक्' ऐकू येतं.

आणि नेमक्या याच भागात आपला कान सगळ्यात तिखट असतो. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि पडद्याच्या बाजूने बंद. शाळेत शिकलेलं बंद नळीचं सूत्र लावा: ध्वनीचा वेग ३४३ भागिले चौपट लांबी, म्हणजे ०.१ मीटर. उत्तर येतं ३४३० हर्ट्झ. त्याच्या आसपासचा आवाज ही नळी स्वतःच वाढवून देते. खालच्या जाड तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा. तो कितीही घुमला तरी ही टिकटिक त्याच्यावरून डोकं वर काढते.

मग पिक इतकं टणक असावंच कशाला? या प्रश्नाचं उत्तर मला आमच्या शेजारच्या मिरजेत सापडतं. तंबोरा बोटाच्या मऊ पेराने छेडतात. मऊ आणि रुंद पेर तारेला टोकदार कोन पडू देत नाही, त्यामुळे मूळ सुरासोबत उमटणारे, आखूड लहरींचे वरचे स्वर क्षीणच जन्मतात. शिवाय तार जिथे छेडावी, तिथे ज्या स्वरांचा स्थिर बिंदू (तार थरथरतानाही न हलणारी जागा) असेल ते स्वर उमटू नयेत, असा इंग्लिश शास्त्रज्ञ थॉमस यंगचा नियम आहे. बरोबर मध्यावर छेडलं तर दुसरा, चौथा, सहावा असे सगळे सम स्वर गायब व्हायला हवेत. तंबोऱ्यात ते होत नाहीत! सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये हे दाखवून दिलं आणि त्याचं कारण घोडीच्या बाकदार पाठीत शोधलं. तार तिथे दर कंपनाला त्या पाठीवर टेकते-उचलते आणि नवे वरचे स्वर घडत राहतात. मिरजेचे कारागीर तासन् तास कानस फिरवून जी जवारी लावतात, ती हीच. तंबोऱ्याला चकाकी घोडीतून मिळते, म्हणून छेड मऊ चालते. गिटारच्या घोडीला जवारी नाही. तिला चकाकी हवी तर ती छेडतानाच घालावी लागते, आणि टणक पिकबरोबर टकटकही येते.

बाजारात सोन्याचा मुलामा दिलेल्या केबली 'नॉइज घालवणाऱ्या' म्हणून विकतात. सोनं गंजत नाही, जोड चांगला राहतो, एवढंच खरं. पिकचा आवाज हवेतून माइकमध्ये शिरतो, त्याला केबल काय करणार? एका बटणात सगळं पुसणाऱ्या सॉफ्टवेअरवरही माझा फार भरवसा नाही. टिक् आणि सुराची सुरुवात एकाच पट्टीत, काही मिलिसेकंदांच्या अंतरात असतात. एक खरवडलं की दुसरंही बोथट होतं.

म्हणून आम्ही उगमापाशीच गेलो. भाचीचं पिक अर्ध्या मिलिमीटरचं होतं. ते वाकतं आणि सुटताना फटकन परत येतं, तो आवाज वेगळाच. लवचीकपणा जाडीच्या घनावर ठरतो, त्यामुळे १ मिलिमीटरचं पिक आठपट ताठ. आम्ही तेच घेतलं, पण गोल टोकाचं. ते तिने टोक थोडंच बाहेर ठेवून, सैल धरलं. मनगट असं वळवलं की पिक तारेला आडवं जाईल, लांबीच्या दिशेने घसरणार नाही. छेडायची जागा घोडीपासून दूर, साउंडहोलच्या, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या गोल छिद्राच्या, मानेकडच्या कडेवर आणली.

माइक आधी उजव्या हाताच्या समोर, वीतभर अंतरावर होता. तो गिटारच्या मानेवरच्या बाराव्या पडद्यासमोर (फ्रेटसमोर), फूटभर लांब नेला आणि तोंड मानेच्या सांध्याकडे वळवलं. पिकचा आवाज एका बिंदूतून निघतो, अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने उतरतो. गिटारची पाटी मोठी, तिचा आवाज जवळून तितका झपाट्याने उतरत नाही. लांब गेल्यावर खोली घुमू लागली, तेव्हा मागच्या भिंतीवर आईची गोधडी टांगली आणि पंखा बंद केला.

रात्री अकराला पुन्हा आलेख ताणून पाहिला. सुरांच्या आधीचे काटेरी सुळके निम्म्याहून खाली आले होते. अंतऱ्यात एकच उरला होता, जाड तार अजून थरथरत असताना पिक तिच्यावर पुन्हा टेकलं तिथे. भाचीने त्या जागी तळहाताने तार आधी शांत करायची सवय केली आणि तेवढी ओळ पुन्हा वाजवली.