मौत का कुआँ आणि फळीवरचं दंव

कुणकेश्वरची महाशिवरात्रीची जत्रा ऐन समुद्राकाठी भरते. मालवणी मुलखातल्या अशा जत्रांत खाज्याचा पुडा सांभाळत आम्ही मौत का कुआँची, म्हणजे जिच्या उभ्या भिंतीवर मोटरसायकल फिरते त्या फळ्यांच्या गोल विहिरीची, शिडी चढायचो. वर कठड्याला टेकलं की आधी पायाखालची फळी थरथरायची, गाडी मागाहून दिसायची. सायलेन्सर काढलेली यामाहा आरएक्स १०० गरगरत वर यायची आणि स्वार पुढे धरलेली दहाची नोट अलगद काढून न्यायचा.

खेळ मूळचा अमेरिकेतला. तिथे १९१० च्या सुमारास फळ्यांच्या कलत्या ट्रॅकवर मोटरसायकलींच्या शर्यती चालत. त्याच ट्रॅकचं पिल्लू १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला आलं, आणि काही वर्षांत भिंती पार उभ्या झाल्या. १९२९ मध्ये तो इंग्लंडात साउथएंडला पोचला. तिकडच्या स्वारांची लाडकी गाडी 'इंडियन' स्काउट; नावापुरतीच इंडियन. आपल्याकडे जपानी यामाहा!

गाडी पडत का नाही? 'वेगामुळे' हे उत्तर अर्धंच. वेग तिला वर उचलत नाही. सरळ निघालेल्या गाडीला भिंत सतत मध्याकडे रेटते. वेग वाढला की रेटा वाढतो आणि रेट्याबरोबर टायर-फळीमधलं घर्षण. वजन पेलतं ते घर्षण. विहिरीचा व्यास १० मीटर, कोरड्या फळीचा घर्षण गुणांक (पकड किती, ते सांगणारा आकडा) ०.७ धरला, तर ढोबळमानाने ताशी ३० किलोमीटर पुरे. गणितात वजन कटून जातं, म्हणून मारुती ८०० लाही साधारण तेवढाच वेग लागतो.

आता कोकणातली रात्र घ्या. खारा वारा, वर दंव. फळी ओलसर होऊन गुणांक ०.४ वर आला, तर तेच गणित ताशी ४० सांगतं. मग एक फेरी तीन सेकंदांच्या आत, आणि ६० किलोचा स्वार सीटवर दीडशेहून जास्त किलोंनी दाबला जातो. तेव्हाही तो पुरता आडवा नसतो. डोकं वीसेक अंश वर असतं. वेग कमी असेल तर आणखी वर.

शेवटच्या खेळाआधी एक पोरगा गोणपाट घेऊन आतल्या फळ्या पुसत फिरायचा. आम्हाला वाटायचं, झाडलोट चाललीय.