संघनिवड : टर्न-बेस्ड डावपेची व्हिडिओ गेममधील

टर्न-बेस्ड डावपेची खेळात लढाई सुरू होण्याआधी, हाताशी असलेल्या पात्रांपैकी कोणती पटावर उतरवायची हे ठरवणे म्हणजे संघनिवड. नाशिकच्या खेळाडूंच्या बोलण्यात याला सरळ ‘टीम लावणे’ म्हणतात. बहुतेक खेळांत चौकोनी किंवा षटकोनी घरांच्या पटावर दोन्ही बाजू आळीपाळीने (टर्नने) खेळतात, आणि पटावर उतरणारी टीम लहान असते. ‘इन्टू द ब्रीच’मध्ये (२०१८) ३ यंत्रे, ‘फायर एम्ब्लेम हीरोज’मध्ये (२०१७) आणि ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये (२०२३) ४ पात्रे, ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’मध्ये (१९९७) ५. ‘एक्सकॉम : एनिमी अननोन’ (२०१२) ४ सैनिकांपासून सुरू होतो आणि प्रशिक्षण केंद्रातली सुधारणा विकत घेत गेल्यावर ६ पर्यंत नेता येतो. बुद्धिबळात दोघांनाही तेच १६ मोहरे मिळतात. इथे मोहरे निवडणे हीच पहिली खेळी असते, आणि ती चुकली तर पुढची प्रत्येक खेळी महाग पडते.

मूळ हिशेब

नवखा खेळाडू पात्राची लेव्हल आणि मारा बघून टीम लावतो. हा निकष अपुरा आहे. शत्रूच्या पुढच्या टर्नमधले किती वार आपण आपल्या टर्नमध्येच रद्द करू शकतो, हे विचारले पाहिजे. शत्रू मेला की त्याचा वार रद्द. गोठला, झोपला, ढकलला गेला किंवा वाटेत अडला तरी रद्द. मात्र अर्धा जखमी शत्रू बहुतेक खेळांत पूर्ण ताकदीनेच मारतो. म्हणून चार शत्रूंना थोडे थोडे जखमी करणाऱ्या टीमपेक्षा दोघांना पुरते संपवणारी टीम चांगली.

मारा मोजताना सरासरी न बघता ‘किती वारांत मरतो’ ते बघावे. समोरच्याचे प्राण १० असतील तर ४ चा वार तीनदा लागतो, ५ चा दोनदाच. या एका गुणाने अख्खा वार वाचतो. ५ वरून ६ वर गेल्याने मात्र त्या शत्रूपुरता काहीच फरक पडत नाही. त्यात नेम चुकण्याची शक्यता धरावी. नेम ७० टक्के आणि दोन वार लागायलाच हवेत, तर दोन प्रयत्नांत काम होण्याची शक्यता ४९ टक्के, तिनांत ७८, चारांत ९२. म्हणजे ‘दोघे मिळून एकाला मारतील’ अशा भरवशावर लावलेली टीम निम्म्या वेळा तोंडघशी पडते. त्याच लक्ष्यापर्यंत पोहोचू शकणारा तिसरा आणि शक्यतो चौथाही टीममध्ये असायला हवा.

नेम वाढवणाऱ्या पात्राची किंमत इथे कळते. ‘एक्सकॉम’मधल्या नवख्या सैनिकाचा नेम ६५ असतो, अर्धा आडोसा त्यातून २० वजा करतो, पूर्ण आडोसा ४०. अंतराचा परिणाम बाजूला ठेवला तर पूर्ण आडोशामागच्या शत्रूवर उरतात २५ टक्के. बगलेतून गेले की आडोसा मोजलाच जात नाही आणि ६५ परत मिळतात. ग्रेनेडचे तर चुकणे नाहीच, शिवाय तो आडोसाही उडवतो. म्हणून बगल गाठणारा एक ‘असॉल्ट’ सैनिक आणि आडोसा फोडणारा एक ‘हेवी’ सैनिक ही जोडी तीन चांगल्या नेमबाजांपेक्षा जास्त शत्रू पाडते.

भूमिका

झेलणारा, मारणारा, सावरणारा ही ओळखीची वाटणी आहे. बोलताना टँक, डॅमेज, हीलर. झेलणाऱ्याबद्दल एवढेच, की शत्रूला त्याला टाळून जाता येत असेल तर तो टँक नाही, नुसता जाड माणूस आहे. अरुंद वाट, किंवा ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’मधल्यासारखा शेजारून जाणाऱ्याला थांबायला लावणारा नियंत्रणपट्टा असेल तरच त्याचा उपयोग. वेस्नॉथमध्ये शून्य लेव्हलच्या युनिटला (पात्राला) हा पट्टा नसतो, आणि शेतकरी हे असेच युनिट आहे. शेतकऱ्यांची रांग उभी करून वाट अडवली असे समजणारे इथेच फसतात.

हीलरची किंमत बहुतेक जण जास्त लावतात. हील करणे म्हणजे एक वार सोडणे. शत्रू दर टर्नला ८ नेत असेल आणि हीलर ६ परत देत असेल, तर मरण फक्त पुढे ढकलले जाते. तोच टर्न शत्रू संपवण्यात घातला असता तर ८ गेलेच नसते. अपवाद असा, की काही खेळांत हील करायला टर्न लागत नाही. वेस्नॉथमध्ये एल्विश शामन शेजारच्या प्रत्येक सोबत्याला आपल्या टर्नच्या सुरुवातीला ४ प्राण देते, व्हाइट मेज (मेज म्हणजे जादूगार) ८, आणि दोघेही त्याच टर्नमध्ये लढू शकतात. अशा ठिकाणी हीलर घ्यावाच आणि तीन जखमींच्या मधोमध उभा करावा. दोन हीलर एकाच जखमीशेजारी ठेवून मात्र बेरीज होत नाही. त्यातला मोठा आकडाच लागू होतो.

लांब पल्ल्याच्या पात्राला डोळे लागतात. ‘एक्सकॉम’च्या स्नायपरला ‘स्क्वाडसाइट’ मिळाले की सोबत्याला दिसणारा कोणताही शत्रू तो टिपू शकतो, पण हलल्यानंतर त्या टर्नमध्ये स्नायपर रायफल चालवता येत नाही (हलून मारायचे असेल तर ‘स्क्वाडसाइट’ऐवजी ‘स्नॅप शॉट’ घ्यावा लागतो). नाशिककरांना ही व्यवस्था परकी नाही. देवळालीच्या ‘स्कूल ऑफ आर्टिलरी’ या तोफखाना विद्यालयात तोफा मागे असतात, लक्ष्य तोफचीला दिसत नाही, आणि पुढे बसलेला निरीक्षक मारा कुठे पडला ते कळवून दुरुस्ती सांगतो. चारांच्या टीममध्ये दोन स्नायपर घेतले तर पुढे पाहायला आणि झेलायला दोघेच उरतात. मोकळ्या मैदानावर हे खपते. परग्रहवासी शत्रूच्या यानातल्या वळणावळणाच्या खोल्यांत स्नायपर भिंतीकडे बघत बसतो.

माऱ्याचा प्रकार

टीम फसण्याचे सर्वांत दुर्लक्षित कारण हे. ‘डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन २’मध्ये (२०१७) शारीरिक आणि जादुई अशी दोन वेगळी चिलखते असतात. एकाने तलवारीने शारीरिक चिलखत अर्धे उतरवले आणि दुसऱ्याने आगीने जादुई अर्धे, तर शत्रूच्या प्राणांना धक्काही लागलेला नसतो. शिवाय पाडणे किंवा गोठवणे यांसारखे परिणाम ज्या त्या प्रकारचे चिलखत संपल्यावरच लागू होतात. म्हणून ‘सगळ्या प्रकारचे एकेक’ हा तोल इथे तोट्याचा ठरतो. चौघेही एकाच प्रकारचे, किंवा तीन-एक अशी वाटणी चांगली; दोन-दोन लावलेच तर दोन्ही जोड्यांनी वेगवेगळे शत्रू वाटून घ्यावेत.

वेस्नॉथमध्ये उलट आहे, तिथे तोल लागतो. सांगाड्यांच्या फौजेसमोर लॉयलिस्ट या माणसांच्या बाजूने ‘भालेवाले स्वस्त, १४ सोन्यात येतात’ म्हणून सहा भालेवाले उतरवले, तर ते सहाही जवळजवळ फुकट जातात. सांगाड्यांवर टोचणारी आणि कापणारी हत्यारे फारशी चालत नाहीत. ठेचणारी हत्यारे आणि आग चालते. तिथे गदावाला हेवी इन्फन्ट्री आणि आगीचा मेज हवा. मेज २० सोन्याचा आणि नाजूक, पण त्याच्या जादूचा नेम कोणत्याही जमिनीवर ७० टक्के. त्यातही वेळ बघावी लागते : लॉयलिस्ट माणसे दिवसा २५ टक्के जास्त मारतात आणि रात्री २५ टक्के कमी, सांगाड्यांचे याच्या नेमके उलट. चांगली टीमसुद्धा रात्री पुढे नेली तर हरते. हेवी इन्फन्ट्रीची चाल मंद आहे, त्यामुळे तो पहाटे पोहोचेल असा हिशेब करून एक-दोन टर्न आधीच काढावा.

वेग आणि आधार

‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’मध्ये खेळातल्या घड्याळाच्या प्रत्येक टिकला (ठोक्याला) वेगाचा आकडा साठत जातो आणि १०० झाले की टर्न मिळतो. वेग १० असलेल्याला १०० टिकमध्ये १० टर्न, वेग ८ वाल्याला ८. दोन टर्नची ही आघाडी कोणत्याही चिलखतापेक्षा मोलाची आहे. ‘फायर एम्ब्लेम हीरोज’मध्ये वेग ५ ने जास्त असला की दुसरा वार मिळतो, त्यामुळे ४ चा फरक वाया आणि ५ चा सोन्याचा.

आधार देणारे पात्र किती जणांना उचलते ते मोजावे. ‘बाल्डर्स गेट ३’मधला ‘ब्लेस’ हा मंत्र तिघांच्या प्रत्येक हल्ल्याच्या फाशात चार बाजूंच्या फाशाची भर घालतो. सरासरी अडीच, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर साडेबारा टक्के. पण त्याला एकाग्रता लागते, आणि एका पात्राला एका वेळी एकच एकाग्रतेचा मंत्र धरता येतो. असे चार मंत्र एकाच पात्राला शिकवून ठेवणे व्यर्थ; ते दोन पात्रांत वाटावेत. मार बसला की एकाग्रता तुटू शकते. ‘हेस्ट’ हा वेग वाढवणारा मंत्र तुटला तर ज्याच्यावर होता त्याचा टर्नच जातो. त्यामुळे एकाग्रता धरणारा पुढच्या फळीत नको.

‘इन्टू द ब्रीच’चा अपवाद नोंदवायला हवा. शत्रू कुठे मारणार ते आधीच दिसते आणि पट अवघा ८ गुणिले ८. तिथे मारण्यापेक्षा ढकलणे श्रेष्ठ : एक घर सरकवलेला शत्रू स्वतःच्याच सोबत्याला मारू शकतो. ढकलणारे किमान दोन हवेत. भरपूर माऱ्याची पण न ढकलणारी टीम ज्या इमारती वाचवायच्या त्याच वाचवू शकत नाही.

मिळून खेळताना

गंगापूर रोड, कॉलेज रोड, आडगाव या भागांत खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांत एकाच लॅपटॉपवर मिळून खेळण्याची पद्धत या प्रकाराला सोयीची पडते. क्षणात बटण दाबायचे नसते, त्यामुळे संथ मशीन चालते, आणि वीज गेली तरी मागच्या सेव्हपासून डाव उचलता येतो. वेस्नॉथ २००३ पासून मोफत उपलब्ध आहे, त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही आणि एकाच संगणकावर आळीपाळीने खेळता येतो. ‘बाल्डर्स गेट ३’ला १५० जीबी जागा लागते, तो ज्याच्याकडे असतो त्याच्या खोलीवर बाकीचे जमतात.

अशा वेळी ‘तू टँक घे, मी मागून सपोर्ट देतो’ अशी भूमिकांप्रमाणे वाटणी होते. चार पात्रे आणि दोन खेळाडू असतील तर ती त्रासाची ठरते. जी दोन पात्रे एकमेकांवर अवलंबून आहेत, उदाहरणार्थ शत्रूला ओले करणारा आणि त्यावर वीज टाकणारा, ती एकाच खेळाडूकडे द्यावीत. नाहीतर ‘थांब ना, आधी मला पाणी टाकू दे’ यात अर्धा डाव जातो.

राखीव फळी

लांबलचक मोहिमेत टीम म्हणजे आजचे चौघे नव्हेत. ‘एक्सकॉम’मध्ये जखमी सैनिक बरेच दिवस दवाखान्यात पडून राहतो. तेच सहा अनुभवी दर वेळी नेले की एका वाईट लढाईनंतर हाताशी फक्त कच्चे सैनिक उरतात. सोप्या लढाईत चार अनुभवींबरोबर एक-दोन नवखे न्यावेत आणि जखमी होऊन सुटलेल्या शत्रूला संपवायचे काम त्यांना द्यावे. फायर एम्ब्लेम मालिकेतल्या पारंपरिक नियमात पात्र मेले की कायमचे जाते. एकाच लाडक्याला सगळा अनुभव पाजलेली टीम तो गेल्यावर सावरत नाही.

वेस्नॉथमध्ये जुन्या युनिटला परत बोलवायला सहसा २० सोने लागते, त्याची लेव्हल काहीही असो. तिसऱ्या लेव्हलचा सरदार २० मध्ये येत असेल तर तो घ्यावाच, फक्त युनिटांच्या लेव्हलची बेरीज ताब्यातल्या गावांपेक्षा जेवढी जास्त, तेवढे सोने दर टर्नला खर्च होते हे धरून. पहिल्या लेव्हलचा जुना भालेवाला २० ला बोलावणे मात्र तोट्याचे, कारण नवा १४ ला मिळतो. बढतीला एखाद-दोन लढायाच उरल्या असतील तर गोष्ट वेगळी.