बीए म्हणजे फक्त मास्तरकी?

बारावीचा निकाल लागला की गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत तोच निरोप फिरतो: ‘आर्ट्स घेतलं की शिक्षक होण्यापलीकडे वाट नाही.’

भीती अगदीच हवेतली नाही. डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायला बारावीला विज्ञानच लागतं. पण बऱ्याच ठिकाणी शाखा विचारतच नाहीत. नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, सरकारी बँकांतल्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षेलाही. ३ वर्षांच्या एलएलबीचंही तसंच. तिथे फक्त गुणांची अट, खुल्या गटाला पदवीत किमान ४५ टक्के. सैन्यदलांत मात्र फरक आहे: सीडीएस या अधिकारी भरतीच्या परीक्षेतून भूदलात जायला बीए चालतं, नौदलाला इंजिनिअरिंग लागतं. आणि गंमत म्हणजे हायस्कूलचा शिक्षक व्हायलाच नुसतं बीए पुरत नाही, वर बीएड करावं लागतं!

पडताळायचं असेल तर नोकरीची जाहिरात स्वतः उघडा. शैक्षणिक पात्रतेत ‘पदवी’च्या आधी विषयाचं नाव आहे का ते बघा. गोव्यातल्या सरकारी जाहिरातींत तिथेच सहसा आणखी एक ओळ सापडते: कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास इष्ट.