माणसे बेघर का होतात? अमेरिकी समज आणि मोजमाप

जानेवारी १९८४ च्या अखेरीस अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी सकाळच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात असे म्हटले, की पदपथावरील लोखंडी जाळ्यांवर झोपणारी ही माणसे एका अर्थी स्वतःच्या मर्जीनेच बेघर आहेत. जमिनीखालून येणाऱ्या वाफेची ऊब मिळावी म्हणून अमेरिकी शहरांतील बेघर माणसे हिवाळ्यात या जाळ्यांवर झोपत असत. विधानावर सडकून टीका झाली आणि राजकारणात ते अनेक वर्षे उगाळले गेले. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र त्यातून एक तपासण्याजोगा प्रश्न निघतो: माणसे बेघर होण्याची कारणे आणि लोकांना वाटणारी कारणे यांचा मेळ कितपत बसतो?

गरिबीविषयी अमेरिकी समाजाला काय वाटते, हे समाजशास्त्रज्ञ जो फेगिन यांनी १९६९ मध्येच पाहणी करून नोंदवले होते. त्यांनी कारणांचे तीन गट केले होते: माणसाचे स्वतःचे दोष, समाजाची रचना आणि नशीब. बहुसंख्यांचा कल पहिल्या गटाकडे होता. आळस, उधळपट्टी, व्यसन ही उत्तरे लोकांच्या ओठांवर तयार होती. त्यामुळे बेघरांबद्दलही हेच ऐकायला मिळेल, अशी संशोधकांची अटकळ होती. प्रत्यक्षात बॅरेट ली आणि सहकाऱ्यांनी नॅशव्हिल शहरात केलेल्या आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लोकांनी वैयक्तिक दोषांपेक्षा समाजाची परिस्थिती आणि दुर्दैव यांना अधिक महत्त्व दिले. १९९० मध्ये देशभर विचारलेले प्रश्न २०१६ मध्ये जॅक त्साई आणि सहकाऱ्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा सहानुभूती आणि सरकारी मदतीला असलेला पाठिंबा वाढलेलाच आढळला. तेव्हा अमेरिकी माणूस बेघरांच्या बाबतीत निष्ठुर आहे, हे सरसकट म्हणणे टिकत नाही. माझ्या मते गफलत मनाच्या कोतेपणात कमी आणि डोळ्यांसमोर येणाऱ्या नमुन्यात जास्त आहे.

हा नमुना कसा फसवतो, हे एका साध्या हिशेबाने कळते. एका निवारागृहात दोनच खाटा आहेत असे समजू. एका खाटेवर एकच माणूस वर्षभर राहतो, तर दुसऱ्या खाटेवर दर महिन्याला नवा माणूस येतो आणि महिनाभरात पुन्हा कुठेतरी घर मिळवून निघून जातो. कोणत्याही रात्री आत डोकावले, तर दीर्घकाळ बेघर असलेल्यांचे प्रमाण निम्मे दिसेल. वर्षअखेरीस नोंदवही उघडली, तर तेरा नावांपैकी असे नाव एकच असेल. डेनिस कल्हेन आणि रँडल कून यांनी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया येथील निवारागृहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून १९९८ मध्ये नेमके हेच चित्र मांडले. निवाऱ्याला आलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक थोडे दिवस राहून गेले आणि बहुधा परतले नाहीत. सुमारे १० टक्के लोक ये-जा करत राहिले. उरलेले सुमारे १० टक्के दीर्घकाळ तिथेच होते, आणि एकूण वापराच्या जवळजवळ निम्मे दिवस या शेवटच्या गटाच्या खात्यावर होते. जुनाट मनोविकार, व्यसन, अपंगत्व यांचे प्रमाण याच गटात जास्त असते. रोज त्याच कोपऱ्यावर दिसणारा, स्वतःशी बोलणारा माणूस लक्षात राहतो. भाडे थकल्यामुळे सहा आठवडे मोटारीत झोपून सकाळी कामावर जाणारी बाई त्याच रस्त्यावरून जाते, पण तिला बेघर म्हणून कोणी ओळखत नाही.

जागेचा भागही तितकाच मोठा आहे. बेघरांच्या २०२४ च्या शिरगणतीत न्यूयॉर्क शहरात सुमारे १,४०,००० बेघर नोंदले गेले (त्यांत नव्याने आलेले स्थलांतरित बरेच होते), तर लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे ७५,०००. तरीही बेघरपणा म्हटले की अमेरिकेत आणि अमेरिकेबाहेरही लॉस एंजेलिसचे तंबू आठवतात. सॅन फ्रान्सिस्को किंवा सिअ‍ॅटलला मुलाकडे राहून परतलेले आपल्याकडचे आईवडीलही हेच तंबू सांगतात, आणि त्यापाठोपाठ ‘तिथे सगळे नशेबाज’ हा निष्कर्षही. न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली दाखल झालेल्या एका खटल्यातून १९८१ मध्ये झालेल्या तडजोडीमुळे बेघर माणसाला रात्रीचा निवारा देणे शहरावर बंधनकारक झाले आहे आणि तिथले बहुतांश बेघर छपराखाली झोपतात. लॉस एंजेलिसमध्ये साधारण दहापैकी सात जण उघड्यावर असतात. म्हणजे ज्या शहरात संख्या अधिक, तिथे ती नजरेआड आहे.

ही शिरगणती होते कशी, हेही पाहण्यासारखे आहे. जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांतील एका रात्री स्वयंसेवक टॉर्च आणि मोबाइल घेऊन पुलांखाली, उद्यानांत, दुकानांच्या मागच्या गल्ल्यांत फिरतात. उभ्या मोटारीच्या काचांवर आतून बाष्प धरले असेल किंवा काचा टॉवेलने झाकल्या असतील, तर आत कोणी झोपले आहे असे धरले जाते. लॉस एंजेलिसमध्ये तंबू उघडून माणसे मोजत नाहीत. तंबू मोजतात आणि एका तंबूत सरासरी किती माणसे असतात, याचा वेगळ्या पाहणीतून काढलेला गुणक लावतात. २०२४ मध्ये या पद्धतीने देशभरात ७,७१,४८० माणसे मोजली गेली. त्यांत बहिणीच्या दिवाणखान्यात पथारी टाकून राहणारे कुटुंब येत नाही. शिक्षण खात्याच्या व्याख्येत मात्र ते येते, आणि म्हणून सरकारी शाळांच्या नोंदींत बेघर विद्यार्थ्यांचीच संख्या दहा लाखांहून अधिक भरते.

आता कारणांकडे वळू. इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात आणि माझ्या समजुतीप्रमाणे सगळ्या वादाचे मूळ या मिसळीत आहे. ‘हा माणूस बेघर का झाला’ हा एक प्रश्न. ‘या शहरात इतके बेघर का’ हा दुसरा. पंगतीला पाट पन्नास आणि माणसे साठ असली, तर दहा जण उभे राहणारच. उभे कोण राहिले हे पाहायला गेलो, तर पाय अधू असलेली म्हातारी, उशिरा पोहोचलेला प्रवासी, यजमानांशी ओळख नसलेला पाहुणा असे लोक सापडतील आणि प्रत्येकाबाबत सांगितलेले कारण खरेही असेल. पण दहाच जण का उभे राहिले, वीस किंवा दोन का नाहीत, हे त्यांच्या पायांकडे पाहून कळणार नाही. त्यासाठी पाट मोजावे लागतील.

वॉशिंग्टन विद्यापीठातील ग्रेग कोलबर्न यांनी अमेरिकी शहरांची तुलना करून हे पाट मोजले. व्यसन, मनोविकार, गरिबी, बेकारी यांचे प्रमाण ज्या भागात जास्त, तिथे बेघर जास्त, असे काही त्यांना दिसले नाही. घरभाडे किती आणि भाड्याने मिळण्याजोगी रिकामी घरे किती, या दोन गोष्टींशी मात्र बेघरांचे प्रमाण चांगले जुळले. मिसिसिपी हे देशातील सर्वांत गरीब राज्यांपैकी एक आहे. तिथे दर दहा हजार लोकांमागे तीन-चार बेघर आढळतात, तर श्रीमंत कॅलिफोर्नियात ४७-४८. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंच्या दरात वेस्ट व्हर्जिनिया अनेक वर्षे देशात सर्वांत वर राहिले, पण तिथले बेघरांचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून बरेच कमी आहे. डेट्रॉइटमध्ये गरिबी मुबलक आणि घरेही मुबलक. सिअ‍ॅटलमध्ये पगार भरपूर आणि घरे तोकडी. व्यसन वेस्ट व्हर्जिनियातही माणसाचे वाटोळे करते, पण तिथे व्यसनी माणसाला परवडणारी एखादी खोली सापडते किंवा त्याला ठेवून घेण्याइतकी जागा नातेवाइकांकडे असते. चांगल्या हवेमुळे बेघर कॅलिफोर्नियाकडे वळतात, हेही एक लोकप्रिय स्पष्टीकरण आहे. पण फ्लोरिडाची हवा उबदार असूनही तिथले प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या खाली राहते.

मनोरुग्णालये बंद केल्यामुळे रस्ते भरले, हे मत सुशिक्षितांत विशेष प्रिय आहे आणि त्यात तथ्याचा अंश आहे. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५,५९,००० रुग्ण होते आणि १९८० पर्यंत ती संख्या दीड लाखाच्या आत आली. परंतु ही घट मुख्यतः सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वीच होऊन गेली होती, आणि रस्त्यांवर गर्दी दिसू लागली ती ऐंशीच्या दशकात. मधल्या काळात मोठ्या शहरांतील एका खोलीची स्वस्त लॉजिंगे, जिथे एकटे, आजारी, अल्प कमाईचे लोक आठवड्याच्या भाड्याने राहत, ती पाडली गेली किंवा त्यांची महागडी घरे झाली. रुग्णालयातून सुटलेला माणूस आधी त्या खोलीत गेला होता. खोली गेल्यावर तो पदपथावर आला.

या प्रक्रियेचे सर्वांत जवळून घेतलेले दर्शन सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पाहणीत मिळते. मार्गो कुशेल यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत राज्यभरातील सुमारे ३,२०० बेघर प्रौढांना प्रश्न विचारले गेले. त्यांतील ९० टक्के लोकांचे शेवटचे घर कॅलिफोर्नियातच होते, त्यामुळे ‘बाहेरून येतात’ हा समज तिथेच निकालात निघतो. बेघर होण्याआधीच्या सहा महिन्यांत त्यांच्या कुटुंबाचे मध्यक मासिक उत्पन्न (निम्म्यांचे याहून कमी, निम्म्यांचे जास्त) ९६० डॉलर होते, आणि कॅलिफोर्नियाच्या शहरांत एवढ्यात स्वतंत्र खोली मिळणे जवळपास अशक्यच. ज्यांच्या नावावर भाडेकरार होता, त्यांना घर सोडण्याची पूर्वसूचना मिळाली ती मध्यक १० दिवसांची. ज्यांचा करार नव्हता, जे मित्राच्या किंवा नातलगाच्या घरात जमेल तसे राहत होते, त्यांना मिळाला एक दिवस. आणि या दुसऱ्या गटाचीच संख्या मोठी होती. मासिक ३०० ते ५०० डॉलरची मदत मिळाली असती, तर घर टिकले असते, असे ७० टक्क्यांना वाटत होते. हे त्यांचे स्वतःचे मत आहे आणि तसेच ते वाचायला हवे. याच पाहणीत सुमारे दोन तृतीयांश लोकांनी आयुष्यात कधी ना कधी नियमित अमली पदार्थ घेतल्याचे सांगितले, आणि मनोविकाराची लक्षणे अनुभवलेल्यांचे प्रमाण तर त्याहूनही मोठे होते. सामान्य माणसाला जे दिसते ते खोटे नाही. मात्र रात्री कोणी सामान चोरू नये, अंगावर धावून येऊ नये, म्हणून जागे राहण्यासाठी मेथॅम्फेटामिन हा उत्तेजक अमली पदार्थ घेतो, असेही काहींनी सांगितले, आणि तिथे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे केवळ दर्शनाने ठरत नाही.

प्रसारमाध्यमांचा वाटा शांतो अय्यंगार यांच्या प्रयोगांतून १९९१ च्या सुमारास स्पष्ट झाला. गरिबीची बातमी एका माणसाच्या कहाणीतून दाखवली, की प्रेक्षक दोष त्या माणसाकडे नेतात. तीच बातमी आकडे आणि धोरण यांतून मांडली, की जबाबदारी समाजाकडे आणि सरकारकडे जाते. कळवळून केलेली वार्तांकनेही याला अपवाद नाहीत, ही पत्रकारांना न रुचणारी बाब आहे.

समज वस्तुस्थितीपासून किती दूर जाऊ शकतो, हे कॅनडातील व्हँकुव्हर येथे जियायिंग झाओ आणि सहकाऱ्यांनी मोजले. त्यांनी ५० बेघरांना प्रत्येकी ७,५०० कॅनडियन डॉलर एकरकमी, कोणतीही अट न घालता दिले आणि रक्कम न मिळालेल्या ६५ बेघरांशी त्यांची वर्षभर तुलना केली. वेगळ्या पाहणीत अकराशेहून अधिक लोकांना अंदाज विचारला, तेव्हा त्यांचे म्हणणे पडले, की एवढी रक्कम हाती आल्यास बेघर माणूस दारू, तंबाखू, अमली पदार्थ यांवर घर असलेल्या माणसापेक्षा ८१ टक्के अधिक खर्च करील. प्रत्यक्षात पैसे मिळालेल्यांचा या गोष्टींवरचा खर्च वाढला नाही, आणि वर्षभरात त्यांचे बेघर अवस्थेतले दिवस सरासरी ९९ ने कमी झाले. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांचा बराच गाजावाजा झाला. पण तीव्र व्यसन किंवा तीव्र मनोविकार असलेल्यांना आणि दोन वर्षांहून अधिक काळ बेघर असलेल्यांना यात घेतलेच नव्हते. कोपऱ्यावरच्या त्या माणसाविषयी हा प्रयोग काही सांगत नाही. सांगतो तो नजरेत न भरणाऱ्यांविषयी.

समजुती धोरणात उतरतात तेव्हा विसंगती उघडी पडते. स्कॉट क्लिफर्ड आणि स्पेन्सर पिस्टन यांना २०१७ मध्ये असे आढळले, की मदतीला पाठिंबा देणारेच अनेक लोक भीक मागण्यावर आणि सार्वजनिक जागी झोपण्यावर बंदीही मागतात, आणि ज्यांना किळस लवकर येते त्यांच्यात ही मागणी अधिक असते. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओरेगनमधील ग्रँट्स पास या छोट्या शहराच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी असा निकाल दिला, की उघड्यावर मुक्काम करणाऱ्यांना शहरे दंड करू शकतात. जुलै २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशात रस्त्यांवरील बहुसंख्य लोक व्यसनी किंवा मनोविकारग्रस्त असल्याचे म्हटले आहे आणि आधी घर देऊन मग उपचार करण्याच्या पद्धतीचा पाठिंबा काढून घेतला आहे.

ती पद्धत फिनलंडने २००८ पासून राष्ट्रीय धोरण म्हणून राबवली. तिथे १९८७ मध्ये बेघरांची संख्या १८ हजारांच्या घरात होती आणि २०२३ मध्ये ती ३,४२९ पर्यंत खाली आली. २०२४ मध्ये ती अनेक वर्षांनी प्रथमच वाढून ३,८०६ झाली. त्याच वर्षी तिथल्या सरकारने घरभाड्याच्या भत्त्यात कपात केली होती.