कॅप्सूल मशीनमधली एस्प्रेसो: पाण्याचं माप कोण ठरवतं, याची पार्श्वभूमी

घरच्या कॅप्सूल मशीनमधून (मोजून भरलेल्या कॉफीच्या पुडीची छोटी बंद डबी घालून चालणाऱ्या) चांगली एस्प्रेसो कशी काढायची, असं कुणालाही विचारा, पहिलं उत्तर एकच येतं: पाणी कमी घ्या. 40 मिलीच्या जागी 25 मिली, आणि लुंगोच्या, म्हणजे जास्त पाण्याच्या मोठ्या कपाच्या, बटणाला हात लावू नका. सल्ला अगदी योग्य आहे. पण तो योग्य का, आणि काही मशीनवर तो धड पाळता का येत नाही, हे समजायचं तर या मशीनच्या रचनेत कोणकोणते निर्णय कधी झाले हे पाहावं लागतं. त्यातला 2014 चा निर्णय, म्हणजे पाण्याचं माप कॅप्सूलवरच्या बारकोडकडे सोपवण्याचा, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यामुळे या टिपणात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

जुना इतिहास थोडक्यात. वाफेच्या जोरावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट 1884 मध्ये तूरिनमध्ये निघालं, आणि 1901 मध्ये मिलानमध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. त्या यंत्रांतला दाब दीड-दोन बारच्या (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेइतका दाब) पुढे जात नसे आणि वाफेच्या उष्णतेने कॉफीला जळकट चव येई. दुसऱ्या महायुद्धानंतर स्प्रिंग आणि दांडा असलेली यंत्रं आली, दाब आठ-दहा बारवर गेला, आणि कपावर पहिल्यांदा क्रेमा, म्हणजे कॉफीवरचा तपकिरी फेस, दिसला. 1961 मध्ये दांड्याच्या जागी विजेचा पंप आला आणि 9 बार हा आकडा रूढ झाला. इटलीत पुढे जो प्रमाणित कप ठरला त्याचं गणित असं: 7 ग्रॅम पूड, 9 बार दाब, 90 अंशांच्या जरा खालचं पाणी, 25 सेकंद, 25 मिली कॉफी. यातला पहिला आणि शेवटचा आकडा लक्षात ठेवायचा.

कॅफेतली कॉफी घरी आणायचा पहिला मार्ग कागदाचा होता. 1970 च्या दशकात इटलीत कागदाच्या दोन थरांत दाबून बसवलेल्या पुडीच्या चकत्या निघाल्या. व्यास 44 मिमी, आत 7 ग्रॅम, म्हणजे कॅफेतलंच माप. 1998 मध्ये काही इटालियन उत्पादकांनी एकत्र येऊन हे माप सर्वांसाठी खुलं केलं. कुणीही चकती बनवावी, कुणीही मशीन बनवावं. दक्षिण इटलीत घरोघरी ही चकती अजून चालते. जगाच्या बाजारात मात्र ती मागे पडली, कारण ॲल्युमिनियममध्ये हवाबंद केलेली पूड जास्त दिवस ताजी राहते आणि तिच्यामागे जाहिरातीचा पैसाही कितीतरी मोठा होता.

ॲल्युमिनियमच्या कॅप्सूलची कल्पना स्वित्झर्लंडमधल्या एका अन्न कंपनीची. जिनिव्हातल्या एका संशोधन संस्थेकडून तिने 1974 मध्ये मूळ तंत्राचे हक्क घेतले. तिच्या एका अभियंत्याने रोममध्ये कॅफेवाल्यांचं काम बघून पाण्याआधी हवा आत ढकलायची युक्ती उचलली, असं सांगतात. पेटंट 1976 मध्ये झालं, पण माल बाजारात यायला 1986 उजाडलं, तेही ऑफिसांसाठी, स्वित्झर्लंड, इटली आणि जपानमध्ये. तो प्रयत्न फसत चालला होता. 1988 नंतर नव्या प्रमुखाने ऑफिस सोडून घरांकडे मोर्चा वळवला, कॅप्सूल दुकानाऐवजी सभासदांना थेट विकायला सुरुवात केली, आणि पुढचं यश सर्वांना माहीत आहे.

चवीच्या दृष्टीने या टप्प्यावर एक मोठा बदल झाला, पण त्याची चर्चा फार कमी होते. कॅप्सूलमध्ये 7 ग्रॅम पूड बसत नव्हती. साधारण 5 ते 6 ग्रॅमच बसत होती. एस्प्रेसोच्या बटणाचं माप मात्र 25 मिली न ठेवता 40 मिली ठेवलं गेलं. कॅफेच्या प्रमाणित कपात एक ग्रॅम पुडीला साडेतीन मिली कॉफी पडते. कॅप्सूलमध्ये तीच सात मिली. आजच्या हौशी कॅफेंत 18 ग्रॅम पुडीतून 36 ग्रॅम कॉफी काढतात, म्हणजे एकास दोन. त्यांच्या शेजारी कॅप्सूलची एस्प्रेसो पातळ लागणारच. साध्या कॅप्सूलवर 110 मिलीचं लुंगो काढलं तर प्रमाण एकास वीसपर्यंत जातं. पुडीतलं गोड आणि आंबट सुरुवातीच्या धारेत उतरून गेलेलं असतं, उरलेलं पाणी फक्त कडूपणा धुऊन काढतं. लुंगोसाठीच्या कॅप्सूलमध्ये दळण मुद्दाम जाडसर ठेवतात ते यासाठीच. 25 मिलीवर थांबलं की प्रमाण एकास साडेचारवर येतं. ते आदर्श नसलं तरी एस्प्रेसोच्या जवळचं आहे. ‘पाणी कमी घ्या’ या सल्ल्याचं मूळ इथे आहे.

मशीनच्या खोक्यावर छापलेल्या 19 बारबद्दलही थोडं. हा आकडा पंपाच्या कमाल क्षमतेचा असतो, पुढे वाटच बंद असेल तेव्हाचा. स्पीडोमीटरवर 220 छापलेलं असलं म्हणून गाडी 220 ने धावत नाही. पाणी कॉफीतून वाहायला लागलं की दाब उतरतो. 15 बारच्या आणि 19 बारच्या मशीनमध्ये चवीचा फरक शोधण्यात अर्थ नाही, आणि ग्राहकाने त्या चार बारसाठी जास्त पैसे मोजू नयेत.

आता 2014 कडे येऊ. त्याआधीची चार वर्षं समजून घ्यायला हवीत. 2010 च्या सुमारास या स्विस कंपनीच्या जुन्या मशीनमध्ये चालणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांच्या कॅप्सूल फ्रान्सच्या सुपरमार्केटांत दिसू लागल्या. त्यातली एक कंपनी तर घरांकडे वळवणाऱ्या त्या जुन्या प्रमुखानेच काढलेली होती. महत्त्वाच्या पेटंटांची मुदत 2012 च्या सुमारास संपत आली. 2013 मध्ये लंडनच्या न्यायालयाने प्रतिस्पर्ध्याच्या कॅप्सूलमुळे पेटंटचा भंग होत नाही असा निकाल दिला. 2014 मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा नियामकासमोर कंपनीला लिहून द्यावं लागलं की मशीनमध्ये तांत्रिक बदल करायचा असेल तर चार महिने आधी तो प्रतिस्पर्ध्यांना कळवला जाईल. थोडक्यात, जुनी पद्धत खुली झाली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिका आणि कॅनडात त्याच कंपनीची व्हर्टुओ नावाची नवी पद्धत आली. तिच्यात उच्च दाबाचा पंप नाही. घुमटाच्या आकाराची कॅप्सूल मिनिटाला 7000 फेऱ्यांपर्यंत फिरते, आत सोडलेलं पाणी त्या वेगाने पुडीतून बाहेर फेकलं जातं आणि कडेच्या छिद्रांतून कपात उतरतं. कॅप्सूलच्या कडेला खालून बारकोड छापलेला असतो. मशीन तो वाचतं आणि पाणी किती, किती गरम, किती वेगाने फिरवायचं, पूड आधी किती वेळ भिजवायची हे सगळं त्यावरून ठरतं. जुनी कॅप्सूल या मशीनमध्ये बसत नाही, आणि बारकोड नसलेल्या कॅप्सूलवर मशीन काम सुरूच करत नाही.

कंपनीची बाजू अशी होती की अमेरिकन माणूस मोठा मग भरून कॉफी पितो. पंपाच्या जुन्या मशीनमधून 230 मिली कॉफी नीट निघणं शक्य नव्हतं, आणि 40 मिलीपासून मगपर्यंत सगळी मापं एकाच मशीनमध्ये द्यायची तर कॅप्सूल कोणती आहे हे मशीनला कळायलाच हवं. हा युक्तिवाद पोकळ नाही. मोठ्या कपासाठी व्हर्टुओ खरोखर सोयीचं आहे. दर कॅप्सूलला वेगळं तापमान आणि वेगळं भिजवणं मिळतं, हेही जुन्या मशीनला कधी जमलं नाही.

तरीही वेळ पाहिली की मनात येतं ते येतंच. जुनं कुलूप उघडत असतानाच नवं कुलूप बाजारात आलं. अमेरिकेतल्या दुसऱ्या एका मोठ्या कॅप्सूल कंपनीचं पेटंटही 2012 मध्येच संपलं होतं, आणि तिनेही 2014 मध्येच असं मशीन काढलं की झाकणावरची खास शाई ओळखल्याशिवाय ते चालू होत नसे. ग्राहक इतके चिडले की 2015 मध्ये तिच्या प्रमुखाला चूक मान्य करावी लागली आणि पुन्हा भरता येणारी कॅप्सूल परत आणावी लागली. व्हर्टुओबाबत असा उठाव झाला नाही. मला वाटतं त्याचं एक कारण हे की तिथे नवी पद्धत जुनीची जागा घ्यायला आली नव्हती, दोन्ही शेजारी शेजारी विकल्या जात होत्या.

एस्प्रेसोपुरतं पाहिलं तर या निर्णयाने ग्राहकाचं नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅप्सूल मशीन घेताना आपण पुडीचं वजन, दळणाची बारीकी, पूड दाबणं, तापमान हे सगळं आधीच सोडून दिलेलं असतं. हातात उरतं ते एक पाण्याचं माप. व्हर्टुओने तेही बारकोडकडे दिलं. बटण पुन्हा दाबून धार मध्येच थांबवता येते, काही मॉडेलांवर प्रमाणात थोडा बदलही करता येतो. पण बाकीची कृती बारकोड सांगेल तशीच चालते. दुसरा वाद फेसाचा. व्हर्टुओच्या कपावर बोटभर जाड फेस येतो आणि कंपनी त्याला क्रेमा म्हणते. खऱ्या क्रेम्यात दाबाखाली विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि कॉफीतलं तेल एकत्र बाहेर येतं, म्हणून तो पातळ पण दाट पोताचा असतो. फिरण्यातून आलेला फेस हवेने फुगलेला आणि हलका असतो, कपाचा बराच भाग तोच व्यापतो. ढवळून पाहिलं की खाली कॉफी किती आहे ते कळतं. व्हर्टुओवर एस्प्रेसो प्यायचीच असेल तर 80 मिलीच्या ‘डबल’ कॅप्सूलची धार अर्ध्यावर तोडणं हाच त्यातल्या त्यात बरा उपाय आहे. तिच्यात पूड जास्त असते.

जुन्या पद्धतीच्या मशीनवर गोष्ट सोपी आहे. एस्प्रेसोचं बटण दाबून धरून ठेवा, कपात 25 मिली उतरली की सोडा. पुढच्या वेळी मशीन तेवढंच देतं. त्याआधी कॅप्सूल न घालता एकदा नुसतं गरम पाणी कपात सोडायचं. ही मशीन पाऊण मिनिटाच्या आत तयार होतात, पण तयार होतो तो आतला तापवणारा ठोकळा. नळी आणि कॅप्सूलची खोबण थंडच राहते, आणि गार चिनी मातीच्या कपात 25 मिली कॉफी घटकाभरही गरम टिकत नाही.

2010 नंतर आलेल्या परक्या कॅप्सूलचा एक दोष इथे सांगायला हवा. जुन्या मशीनमध्ये एका टोकाला सुया भोक पाडतात. पाण्याच्या दाबाने दुसऱ्या टोकाची पातळ पत्री फुगून उंचवट्यांच्या जाळीवर टेकते आणि दाब पुरेसा झाला की फाटते. दाब धरून ठेवायचं काम कॅप्सूलच्या कडेचं आहे. स्वस्त प्लास्टिकच्या कॅप्सूलची कड नीट बसत नाही, पाणी बाजूने निसटून वापरलेल्या कॅप्सूलच्या डब्यात जातं आणि कपात फिकट पाणी येतं. मशीन बिघडलं असं समजण्याआधी तो डबा पाहावा. स्टीलची पुन्हा भरायची कॅप्सूल हा याच खुलेपणाचा चांगला परिणाम आहे. ताजी भाजलेली पूड, एस्प्रेसोइतकी बारीक दळून, सपाट भरली की जुन्या मशीनमधून निघणारी कॉफी मूळ कॅप्सूलपेक्षा सरस होऊ शकते. मात्र त्यासाठी चांगला ग्राइंडर लागतो, आणि मग कॅप्सूलची सोय बरीचशी संपते.

पाण्याचा प्रश्न आपल्याकडे गावागणिक बदलतो. मुंबईत तानसा-भातसाचं पाणी मृदू आहे. पुण्याच्या नव्या वस्त्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं तिथे क्षार भराभर साठतात, तापवणारा भाग नीट तापत नाही आणि कॉफी आंबट, कोमट होत जाते. क्षार काढायचं द्रावण मशीनसोबतच्या पुस्तिकेत सांगितलेलंच वापरावं. व्हिनेगर नको असं उत्पादक सांगतात. आरओचं क्षारहीन पाणी मशीनला बरं, पण चव सपाट करतं.

भारतात ही मशीन बरीच वर्षं दुबईहून किंवा युरोपातून येणाऱ्या नातलगांच्या सामानातून येत होती. 2025 मध्ये दिल्लीत त्या स्विस कंपनीचं पहिलं दुकान उघडलं. कॉफी मात्र आपल्याकडून तिकडे आधीपासूनच जात होती. दक्षिणेतला रोबस्टा (कॉफीची एक जात) क्रेम्यासाठी इटालियन मिश्रणांत पूर्वापार वापरला जातो, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर फुगवलेल्या ‘मॉन्सून्ड’ कॉफीची कॅप्सूलही परदेशात मिळते. आता काही भारतीय उत्पादकही इथल्या बियांच्या कॅप्सूल बनवतात, आणि त्या बहुतेक जुन्या पद्धतीच्या मशीनसाठीच असतात.